मनाच्या लॉकरची चावी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)

फेब्रुवारी २००६. आपल्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला, देशात पहिल्यांदाच. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. पोल्ट्रीची कर्जप्रकरणं माझ्याच टेबलावर. रात्री दोनला जाग यायची, छाती धडधडायची. ईसीजी नॉर्मल! लाजेपोटी घरीही बोललो नाही.

निवृत्तीनंतर वाचलं, तेव्हा उलगडा झाला. मेंदूत न्यूरोपेप्टाइड नावाची रसायनं असतात आणि पेशींवर त्यांचे रिसेप्टर. बँकेच्या लॉकरसारखंच, ठरावीक चावीला ठरावीक कुलूप. १९८१ साली रचना कळलेलं 'सीआरएफ' आपल्या कुलपात बसलं की भीती जागी होते. १९८२ मध्ये सापडलेलं 'न्यूरोपेप्टाइड वाय' तिला शांत करतं. सीआरएफचं कुलूप अडवणारी औषधं करून पाहिली. प्राण्यांत जमलं, माणसांत अजून नाही.

पण दुसरे इलाज आहेत. चिंता म्हणजे भित्रेपणा नव्हे, शरीराचाच व्यवहार आहे. माझ्यासारखं लपवू नका. डॉक्टरांना सांगा. टेली-मानसचा सरकारी नंबर १४४१६, मोफत आहे, मराठीतही बोलतात. नाहीतर माझं दार वाजवा.