वांगणी: गाडीच्या वेळेवर चालणारं गाव



मला ‘आपलं गाव’ या विषयावर बोलायला सांगितलंय. नेरळला माथेरानची गाडी मिळाली, बदलापूरचं शहर झालं. आपली वांगणी मधली. सीएसएमटीपासून जवळजवळ ८० किलोमीटर.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८५६ मध्ये रूळ इकडून खोपोलीपर्यंत गेले. इथली माणसं भातशेती करणारी. पुढे कुणी अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात लागलं, कुणी ऑर्डनन्स फॅक्टरीत, कुणी थेट मुंबईत. शेती राहिली, पण घरातलं घड्याळ लोकलवर लागलं. आपल्याकडे माणसाची ओळखही गाडीवरून सांगायचे: ‘ते पहिल्या गाडीचे काका’. गाडी उशिरा आली की भात निवायचा, पण कुणी आधी जेवायला बसायचं नाही.

गाडीमुळेच गावाला नवे शेजारीही मिळाले. लोकलमध्ये वस्तू विकणारी, गाणी म्हणणारी अनेक अंध कुटुंबं वांगणीत राहायला आली. मुंबईचं भाडं परवडणारं नव्हतं; इथलं परवडलं, आणि कामाची जागा म्हणजे लोकल तर दारातच.

१७ एप्रिल २०२१ ला आपल्या स्टेशनावर काय झालं, ते सगळ्या देशाने पाहिलं. अंध आईच्या हातून सुटून मूल रुळावर पडलं, समोरून एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळावरून धावत गेले, मुलाला फलाटावर ठेवलं आणि स्वतः कसेबसे वर चढले. मिळालेल्या ५० हजारांच्या बक्षिसातले अर्धे त्यांनी त्या मायलेकरांना दिले. त्याआधी जुलै २०१९ च्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. हजाराहून जास्त प्रवासी होते. एनडीआरएफच्या बोटी आल्या, तशी आसपासच्या गावांतली माणसंही मदतीला गेली.

रोज बाहेर जाणाऱ्यांच्या गावाला लोक ‘झोपायचं गाव’ म्हणतात. मला हे दोन प्रसंग आठवले की ते पटत नाही.

पण पुरात धावणं वेगळं आणि रोजची वाट मोकळी ठेवणं वेगळं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे अंध माणसाला वापरता येत नसेल, तर ते अ‍ॅप अपुरं समजतात. तपासणाऱ्यांच्या यादीत ती चूक म्हणून लिहिली जाते. इथे मी परवा स्टेशनापासून बाजारापर्यंत चालत गेले. रस्त्याच्या कडेला दुचाक्या, दुकानांच्या पाट्या, उघडं गटार. पांढरी काठी घेऊन एक बाई माझ्यापुढे होत्या. दर दहा पावलांवर त्यांना रस्त्याच्या मध्यावर यावं लागत होतं. आता इमारती वाढताहेत, गाड्याही वाढणार.

आपल्या बॅचने जमवलेल्या पैशांतून शाळेला कमान बांधायचं ठरतंय. कल्पना चांगली आहे. तरी माझी विनंती आहे की आधी ग्रामपंचायतीकडे जाऊन त्या वाटेबद्दल बोलू या. एका बाजूला सलग चालायची जागा, गटारावर झाकणं आणि जमलं तर हाताला धरायला लोखंडी कठडा. मापं घ्यायला मी दोन रविवार येईन. आपल्यात सिव्हिलवाले आहेत, ठेकेदार आहेत, आणि सरांचा शब्द आजही गावात कुणी मोडत नाही.

ती वाट कशी असावी हे मात्र आधी तिथून रोज जाणाऱ्यांना विचारायचं. पुढच्या बैठकीला त्यांच्यापैकी दोघा-तिघांना बोलवावं, एवढं आज ठरलं तरी पुरे.