गणवेश उतरल्यावर

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही कारखान्याच्या गेटवर गेलात, तर पहिली गाठ बऱ्याचदा माजी सैनिकाशी पडते. गेटपास नसेल तर साहेबांच्या पाहुण्यालाही तो बाहेरच्या बाकावर बसवतो आणि त्याला कुणी उद्धट म्हणत नाही. आजचा विषय त्याच्याच नावाजलेल्या भाऊबंदाचा आहे : कमांडो म्हणून नाव झालेला आणि पुढे राजकारणात उतरलेला सैनिक. त्याचं शौर्य आणि त्याच्या शब्दाचा खरेपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपण मात्र पहिलीच्या भरवशावर दुसरी मान्य करून टाकतो.

मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या मोहिमेत मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंदर सिंह धारातीर्थी पडले. त्याच मोहिमेत सुरिंदर सिंह या जवानाला स्फोटामुळे श्रवणशक्ती गमवावी लागली. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर तक्रार केली, की जखमी होऊनही आपल्याला पेन्शनशिवाय घरी पाठवलं. सरकारने खुलासा केला, की पेन्शन मंजूर झालेली आहे आणि पैसेही दिलेले आहेत. लगेच दोन तट पडले. एकाला सरकार कृतघ्न वाटलं, दुसऱ्याला जवान राजकीय प्यादं वाटला. खरं तर प्रश्न कागदाचा होता. जवानाला सेवेची पेन्शन मिळायला १५ वर्षं भरावी लागतात. लढाईतल्या जखमेच्या पेन्शनला ती अट नाही. कुठली पेन्शन, कुठल्या तारखेला मंजूर, पहिला हप्ता कधी जमा, एवढं विचारलं असतं तरी निम्मा वाद तिथेच संपला असता. ते विचारायला वेळ कुणाला? पुढे सुरिंदर सिंह आम आदमी पक्षातर्फे दिल्ली छावणी मतदारसंघातून २०१३ आणि २०१५ मध्ये निवडून आले, २०२० मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारल्यावर राष्ट्रवादीत गेले. पक्षांतराचा हिशेब इतर आमदारांना जसा विचारतो, तसाच त्यांनाही विचारायला हवा.

यावर पहिला आक्षेप येतो : ज्याने देशासाठी शरीर झिजवलं, त्याच्याकडे पुरावा मागायचा? तर ऑस्ट्रेलियाकडे पाहा. बेन रॉबर्ट्स-स्मिथ हा तिथल्या विशेष दलाचा, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला सैनिक. अफगाणिस्तानात त्याने निःशस्त्र कैद्यांना मारलं, असं वृत्तपत्रांनी लिहिलं. त्याने आरोप नाकारून बदनामीचा दावा लावला. २०२३ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला आणि दिवाणी निकषावर त्यातले गंभीर आरोप मूलतः खरे ठरवले. २०२५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत त्याच्याच दलातले जवान होते. म्हणजे पुरावा मागणं हा सैनिकांचा अपमान म्हणावा, तर तो आधी या साक्षीदारांनी केला म्हणायचा.

दुसरा आक्षेप नेमका उलटा : सैनिकाने राजकारणात पडूच नये. हेही मला पटत नाही. राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने संसद सैनिकाच्या हक्कांना मुरड घालू शकते ती सेवेपुरती. निवृत्त माणूस तुमच्या-आमच्यासारखाच नागरिक. अण्णा हजारे लष्करात ट्रकचालक म्हणून गेले आणि १९७५ मध्ये परतले. त्यांच्या पुढच्या आंदोलनांवर कडाडून टीका झाली, काही रास्तही होती. पण त्यांच्या राळेगणसिद्धी गावातले बंधारे आणि विहिरींचं पाणी कुणालाही जाऊन पाहता येतं. कमांडोची कामगिरी मात्र गुप्ततेच्या कुलपात असते. ती रिकामी जागा आपण सिनेमातल्या कल्पनेने भरतो आणि मग त्याच कल्पनेला मत देतो. म्हणूनच बाहेर आल्यावर तो जे बोलेल, ते जास्त तपासायला हवं. गेटवर रोज दुसऱ्याचा पास तपासणाऱ्या माणसाला यात वावगं वाटायचं काही कारण नाही.