सगळं ठीक आहे ना?

मानपाडा रस्त्यावरच्या आमच्या घरी दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात पेढे येतात. कोणाचा ना कोणाचा व्हिसा झालेला असतो. "सर, जर्मनीला निघालो," म्हणत मुलगा वाकून नमस्कार करतो. बरोबर आई असते. मग बोलणे निघते ते सामानाचे. कुकर न्यावा का, मेतकूट किती द्यावे, गोडा मसाला बॅगेत सांडला तर काय करायचे. मी सगळे ऐकून घेतो आणि शेवटी विचारतो, "तिकडे काही अडलं, तर घरी सांगशील ना?" मुलगा हसतो. आई म्हणते, "अहो सर, निघताना असं काय बोलता!"

निघतानाच बोलायला हवे, असे मला वाटते. का, ते सांगतो.

पहिले काही आठवडे जातात कागदपत्रांत. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत तिथल्या नागरी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याला घरमालकाचे पत्र लागते, आणि पुढची बरीच कामे या नोंदीवाचून अडून राहतात. म्युनिक-बर्लिनसारख्या शहरांत खोली मिळणेच कठीण. म्हणून घाईघाईने, खोली न बघता, कोणा अनोळखी माणसाला अनामत पाठवू नका. पैशाचेही तसेच. 2024 च्या सप्टेंबरपासून व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो एका बंद खात्यात दाखवावे लागू लागले. पैसे आपलेच, पण हातात येणार महिन्याला 992. त्यातच भाडे, विमा आणि जेवण.

घरातल्या रीतीभाती मात्र लौकर अंगवळणी पडतात. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही. रविवारी दुकाने बंद, म्हणून दूध-पाव शनिवारीच आणून ठेवायचे. प्लास्टिकची रिकामी बाटली फेकायची नाही, दुकानात परत दिली की 25 सेंट मिळतात. आणि मोहरीची फोडणी द्यायच्या आधी खिडकी उघडायची, नाही तर छतावरचा धुराचा भोंगा सगळ्या मजल्याला जागे करतो. ही चूक पुष्कळांच्या हातून एकदा होते. दुसऱ्यांदा कोणी करीत नाही.

खरा फरक आहे तो वर्गात. वेळापत्रकात दहा लिहिलेले व्याख्यान अनेक विद्यापीठांत सव्वादहाला सुरू होते. ते संपले की टाळ्या नाहीत. विद्यार्थी बाकांवर टकटक करतात. गमतीचे वाटते. पण पुष्कळ व्याख्यानांना हजेरीच घेतली जात नाही, ही गोष्ट आपल्या मुलांना फार जड जाते. आमच्याकडे चार दिवस मूल दिसले नाही तर आम्ही मास्तरलोक घरी फोन करतो. तिथे कोणी करणार नाही. सत्राच्या शेवटी एक परीक्षा. नापास झालात तर पुन्हा बसा. पण पुष्कळ ठिकाणी तीनदाच. तिसऱ्या खेपेलाही विषय राहिला, तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो.

माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. त्याच्या परवानगीनेच सांगतो आहे, नाव मात्र सांगत नाही. वडिलांनी राहत्या जागेवर कर्ज काढून त्याला पाठवले. एक विषय फेब्रुवारीत राहिला, पुढच्या खेपेलाही राहिला. घरी दर रविवारी फोन. "सगळं ठीक आहे ना?" "हो, सगळं ठीक आहे." हिवाळ्यात तिथे साडेचार तास मागे असतात. डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो. तो दिवा लावून, तोंड धुऊन, हसरा चेहरा करून फोनसमोर बसे.

इकडे काय चालले होते? वडिलांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. "पोराला सांगू नका, अभ्यास बिघडेल," असे घरात ठरले होते. म्हणजे दोन्हीकडची माणसे दर रविवारी एकमेकांना तेच वाक्य ऐकवीत होती, आणि ते एकाही बाजूने खरे नव्हते.

मावसबहिणीच्या तोंडून त्याला कळले. त्याने त्याच रात्री फोन केला. "आई, मला का नाही सांगितलंस?" आई म्हणाली, "तू तरी सगळं सांगतोस का रे?" तो गप्प झाला, आणि मग त्याने सगळे सांगितले. वडिलांनी फोन घेतला. "किती विषय राहिले?" "एकच, बाबा." "मग परीक्षा कधी आहे, ते सांग."

दुसऱ्या दिवशी तो प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळी त्यांच्यापुढे जाऊन बसला. वर्षभरात पहिल्यांदाच! त्यांनी जुनी उत्तरपत्रिका काढून दाखवली. हा पाठ केलेले लिहीत होता, त्यांना हवी होती कारणमीमांसा. वर्गातल्या दोघांबरोबर तो अभ्यासाला बसू लागला. तिसऱ्या खेपेला 3.3 मिळाले. तिथे 1 सर्वांत चांगला आणि 4 म्हणजे काठावर पास. पेढे वाटण्यासारखे गुण नव्हेत, पण त्याच्या आईने वाटले.

आता तुम्ही म्हणाल, हुशार मुलांची गोष्ट वेगळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांहून हुशार विद्यार्थी आपण कोणता दाखवणार? 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून, पैसे साठवून, मित्राकडून कर्ज घेऊन ते 1920 मध्ये पुन्हा गेले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, आणि रात्री भूक लागली की भाजलेले पापड आणि कपभर दूध, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. इतके करूनही 1923 साली रुपयावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरफार करण्यासाठी परत दिला. हाती पैसे उरले नव्हते, म्हणून ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, लंडनला पाठवला, आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. आपला तर एक विषय राहिलेला असतो.

तेव्हा निघणाऱ्यांनो, पोहोचल्यावर पहिल्या महिन्यातच दोन ठिकाणे पाहून ठेवा: प्राध्यापकांच्या भेटीची वेळ आणि विद्यार्थी-कल्याण संस्थेचे समुपदेशन केंद्र. ही केंद्रे बहुतेक विद्यापीठांच्या गावी असतात आणि तिथे जाण्यात कसलाही कमीपणा नाही.

आणि आईवडिलांनो, फोनवर "सगळं ठीक आहे ना?" असे विचारू नका. त्याला उत्तर एकच येते. आज काय जेवलास, कोणाबरोबर जेवलास, कोणता विषय जड जातोय, असे विचारा. आणि तुमच्या गुडघ्याचे, रक्तदाबाचे, बँकेच्या हप्त्याचेही मोकळेपणी सांगा. मूल तेवढे ऐकण्याइतके मोठे झालेले असते. म्हणून तर त्याला एवढ्या लांब पाठवलेत.