मात्रेची पायरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बूढापारा, रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून वजन उतरविण्याच्या इंजेक्शनांविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात रुजलेल्या मराठी घराण्यांची कथा या प्रसंगास अधिक शोभली असती. परंतु पहाटे बूढातलावाच्या काठी फिरावयास येणाऱ्या मंडळींकडून हल्ली मला एकच प्रश्न वारंवार ऐकावा लागतो : "इंजेक्शन घ्यावे काय, आणि घ्यायचेच तर मोठ्या मात्रेचे का घेऊ नये?" वैद्यकी करणाऱ्या माणसाने या प्रश्नाला बगल देणे बरे नव्हे.

एका प्रसंगापासून आरंभ करतो. ऐन नवतप्यात आमच्या परिचयातील एका काकूंना त्यांच्या चिरंजीवांनी माझ्याकडे आणले. तीन दिवस उलट्या, लघवी जवळजवळ बंद, जीभ कोरडी, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी. काकूंची लेक परदेशी असते. ती माहेरपणाला आली होती आणि जाताना आपली दोन इंजेक्शने शीतकपाटात विसरून गेली. एक दशांश सात, म्हणजे १.७ मिलिग्रॅमची. काकूंनी त्यांतले एक स्वतःच टोचून घेतले. सलाईन लावून प्रकृती सावरल्यावर त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, लेकीला जे चालले, ते तिच्या आईला का चालू नये?"

आजचे माझे सारे व्याख्यान म्हणजे काकूंच्या या प्रश्नाचे उत्तर आहे.

जेवणानंतर आपल्या आतड्यांतून जीएलपी-१ नावाचे एक संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याची सूचना देते, जठर रिकामे होण्याची गती मंद करते आणि मेंदूला 'पुरे झाले' असा निरोप पोहोचविते. हे नैसर्गिक संप्रेरक काही मिनिटांतच नाहीसे होते. सेमाग्लुटाइड हे त्याचेच दीर्घकाळ टिकणारे अनुकरण. त्याचे प्रमाण शरीरात निम्म्यावर येण्यास सुमारे एक आठवडा लागतो. म्हणूनच ते आठवड्यातून एकदा घेतले तरी पुरते. तथापि याच गुणात धोकाही आहे : चुकून अधिक मात्रा गेली तर ती परत काढून घेता येत नाही, आणि तिचा त्रास दिवसेंदिवस भोगावा लागतो.

यासाठीच मात्रेच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. ०.२५ मिलिग्रॅमपासून आरंभ, मग ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४. प्रत्येक पायरीवर निदान चार आठवडे. टिर्झेपाटाइड या दुसऱ्या औषधाची शिडी २.५ पासून १५ मिलिग्रॅमपर्यंत जाते, आणि तेथेही प्रत्येक पायरीवर निदान चार आठवड्यांचा मुक्काम आहे. पहिली पायरी वजन उतरविण्यासाठी नसतेच. जठराला औषधाची सवय व्हावी, एवढाच तिचा हेतू. काकूंची लेक तीन महिने चढून १.७ च्या पायरीवर पोहोचली होती. काकूंनी एका उडीत तेथे पाऊल ठेवले. औषध तेच, मात्रा तीच. परंतु एकीचे शरीर सिद्ध झाले होते, दुसरीचे नव्हते. अशा चुका केवळ आपल्याकडेच होतात असे नव्हे. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की, औषधालयांत तयार केलेल्या कुप्यांतून सेमाग्लुटाइड घेताना युनिट, मिलिलिटर आणि मिलिग्रॅम यांचा घोटाळा होऊन काही रुग्णांनी योजलेल्या मात्रेच्या पाच ते वीसपट औषध टोचून घेतले.

आता या शिडीवर आणखी एक पायरी आली आहे, ७.२ मिलिग्रॅमची. तिची मोठी चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. मधुमेह नसलेल्या सुमारे १४०० प्रौढांना ७२ आठवडे औषध देण्यात आले. ७.२ च्या मात्रेने वजन सरासरी १८.७ टक्के उतरले, २.४ च्या मात्रेने १५.६ टक्के, आणि नुसत्या औषधरहित इंजेक्शनाने ३.९ टक्के. म्हणजे मात्रा तिप्पट, आणि अधिक लाभ सुमारे तीन टक्क्यांचा; शंभर किलोच्या माणसाला तीन किलोंचा. उलट पोटाच्या तक्रारी ६१ वरून ७१ टक्क्यांवर गेल्या. त्वचेला मुंग्या, चुरचुर, नुसत्या स्पर्शाने दुखणे, अशा विचित्र संवेदना २.४ च्या मात्रेत ६ टक्के लोकांना होत्या, त्या ७.२ मध्ये जवळजवळ २३ टक्क्यांना झाल्या. गंभीर दुष्परिणाम मात्र मोठ्या मात्रेत वाढलेले आढळले नाहीत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. ज्याचे वजन फारच अधिक आहे आणि ज्याला २.४ ची मात्रा पुरत नाही, त्याला ही पायरी उपकारक ठरू शकेल. पण त्या चाचणीत घेतलेल्या सर्वांचा बीएमआय ३० वा त्याहून अधिक होता. आपल्या घरातली पासष्ट किलोंची, लग्नसराईपूर्वी सात-आठ किलो उतरवू पाहणारी व्यक्ती त्या चाचणीत नव्हती.

येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे स्मरण होते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपण भारतीय दिसावयास सडपातळ, पण स्नायू थोडे आणि चरबी अधिक, हे याहून सोप्या रीतीने कोणी सांगितले नसेल. यातून दोन गोष्टी निघतात. एक, आपल्याकडे लठ्ठपणा २५ बीएमआयपासूनच मानतात, तेव्हा कमी वजनातही उपचाराची गरज असू शकते. दुसरी, जी आपण विसरतो, ती अशी की, वजन उतरते तेव्हा केवळ चरबी जात नाही, स्नायूही जातात. २.४ मिलिग्रॅमच्या पहिल्या मोठ्या चाचणीत उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-पंचमांश भाग चरबीखेरीजचा होता. ज्यांच्या गाठीशी स्नायू मुळातच थोडे, त्यांनी वेगाने वजन उतरविण्यापूर्वी विचार करावयास हवा. साठीच्या बाईला काट्यावरच्या आकड्यापेक्षा जिना चढण्याचे बळ अधिक मोलाचे आहे. डाळ, उसळ, दूध, अंडी, आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम यांवाचून ही इंजेक्शने घेऊ नयेत.

औषध वाईट आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७,००० हून अधिक हृदयरुग्णांच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. असे औषध हातचे घालवू नये. पण ते खेळणेही नव्हे.

म्हणून काही सूचना. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून आणि दुसऱ्याच्या नावचे औषध घेऊ नये. उलट्या चालू असताना पुढची पायरी चढू नये. आपल्या रायपूरच्या उन्हाळ्यात त्या मूत्रपिंडावर बेततात. पोटात असह्य वेदना होऊन ती पाठीकडे गेली, वा दृष्टी एकाएकी अंधुक झाली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना या औषधाची कल्पना द्यावी. इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर त्यांची मात्रा कमी करावी लागते. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा घराण्यात इतिहास असेल, किंवा अपत्याचा विचार असेल, तर हे औषध वर्ज्य. दोनतीन आठवडे खंड पडल्यास पूर्वीच्याच मात्रेवर उडी न मारता विचारून घ्यावे. आणि पाहुण्याच्या पेटीतून उन्हातान्हात आलेल्या औषधाचा भरवसा धरू नये. न वापरलेले इंजेक्शन दोन ते आठ अंश तपमानात राहावे लागते.

औषध सोडल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत येतो, असेही अनुभवास आले आहे. तेव्हा ही वाट लांबची आहे, आणि लांबच्या वाटेवर धावणाऱ्यापेक्षा बेताने चालणारा पुढे जातो. ज्या पायरीवर गुण येतो आणि शरीर सुखाने राहते, तीच आपली पायरी. तिच्यावर थांबण्यात कमीपणा नाही.

काकू आता बऱ्या आहेत. रीतसर तपासण्या करून त्यांना ०.२५ पासून आरंभ करून दिला. सध्या त्या १ मिलिग्रॅमवर आहेत आणि तेथेच राहणार आहेत. परवा तलावाकाठी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "लेकीला फोनवर सांगितले, आता तुझी पायरी तुझी, माझी माझी." याहून अधिक मला काही सांगावयाचे नाही.