नोंदणी आणि होकार

रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया अशा आजारांत दुसऱ्याच्या मूळपेशी हा कित्येकदा एकमेव उपाय उरतो. भारतात १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण यशस्वी केले. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळण्याची शक्यता चारात एक, आणि घरे लहान होत गेली तशी भावंडेही कमी झाली. मग अनोळखी दात्यांच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात. जगभरात अशा नोंदी चार कोटींच्या आसपास आहेत; भारतातल्या अजून लाखांतच मोजाव्या लागतात. एचएलए वंशपरंपरेने येते, त्यामुळे मराठी रुग्णाला युरोपातल्या मोठ्या नोंदणीचा उपयोग मर्यादितच.

रक्तदान शिबिर आता गावोगावच्या जयंतीचा भाग झाले आहे. अस्थिमज्जेचे नाव निघताच मात्र तीच माणसे मागे सरतात. पाठीच्या कण्यात सुई घालतात, कायमची कमजोरी येते, पुढे शेतातले काम झेपत नाही, असे समज पक्के आहेत. प्रत्यक्षात बहुतेक दात्यांना काही दिवस इंजेक्शने देऊन हातातूनच, यंत्राच्या साहाय्याने, मूळपेशी घेतल्या जातात. अंग दुखते, डोके दुखते, ते थोड्या दिवसांत ओसरते. क्वचित भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतात; कण्याला हात लागत नाही, आणि दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते.

पण भीतीपेक्षा मोठी अडचण नंतरची आहे. नोंदणीला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की काम झाले; मित्रांसोबत ते सहज होते. जुळणीचा फोन येतो तो कधी कधी काही वर्षांनी. तोवर मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला असतो, मुलीचे लग्न झालेले असते आणि नकार घरातून येतो. प्रत्यारोपणाआधी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी नष्ट केलेली असते. त्या टप्प्यावर दात्याने माघार घेतली तर रुग्णाच्या जिवावर बेतते. शिबिरातल्या आकड्यांचे कौतुक म्हणूनच जरा जपून करावे.

गोदड महाराजांच्या कर्जतमध्ये आलेल्या प्रतिनिधींचे स्वागत करताना स्वागत समितीची अपेक्षा त्यामुळे माफक आहे. महाविद्यालयात नोंदणी करताना आईवडिलांनाही बोलवावे, शंका त्यांच्यासमोर फेडाव्यात, ज्याचे मन तयार नाही त्याला तिथेच मोकळे करावे. ज्यांनी नाव दिले त्यांनी फोन नंबर बदलला तर दात्री किंवा डीकेएमएस या दाता-नोंदणी संस्थांपैकी जिथे नोंद केली असेल तिथे तो कळवावा.