प्रकाशाच्या वाटेवरील जकात

हातातल्या फोनवर एखादा प्रश्न विचारावा आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर समोर यावे, ह्याचे आता लहान मुलांनाही नवल वाटत नाही. परंतु ते उत्तर ज्या प्रचंड संगणकघरांतून येते, तेथे त्यासाठी वीज खर्च झालेली असते. ह्या संगणकघरांना डेटा सेंटर म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी मिळून सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराचा हा साधारण दीड टक्का होय. ह्या विजेचा काही भाग आकडेमोडीसाठी जातो, काही भाग यंत्रे थंड ठेवण्यासाठी जातो. आणि उरलेल्यातला एक वाटा केवळ आकडे एका जागेहून दुसऱ्या जागी वाहून नेण्यासाठी खर्ची पडतो. ह्या वाहतुकीच्या खर्चाचाच येथे विचार करावयाचा आहे.

संगणकाची सारी भाषा शून्य आणि एक ह्या दोन अक्षरांची. अशा एका अक्षराला बिट म्हणतात. तांब्याच्या तारेतून बिट पाठवावयाचा म्हणजे ती तार विद्युतभाराने भरावयाची आणि पुन्हा रिकामी करावयाची. शेताच्या टोकाला पाणी पोचवावयाचे तर सबंध पाट भरावा लागतो. पाट जितका लांब, तितके पाणी अधिक. तारेचेही तसेच आहे. चिपवरील एक सेंटीमीटर लांबीची तार एका व्होल्टने भरावयास एका पिकोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. एक पिकोज्यूल म्हणजे एका ज्यूलचा लाख कोटीवा भाग. ही रक्कम कवडीमोल वाटेल. परंतु सेकंदाला १०० अब्ज बिट पाठविणाऱ्या एकाच वाटेवर तिचा दशांश वॅट होतो, आणि आजच्या मोठ्या स्विच-चिपमधून अशा ५१२ वाटा बाहेर पडतात. शिवाय बिट जितके जलद, तितका तांब्यात त्यांचा क्षय अधिक. म्हणून वेग वाढला की तारेची उपयोगी लांबी घटत जाते.

प्रकाशाची रीत निराळी आहे. त्याला वाट भरावी लागत नाही. तो वाटेतून केवळ निघून जातो. १९६६ साली इंग्लंडमधील चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम ह्या दोघांनी असे प्रतिपादन केले, की काचेतील अशुद्ध द्रव्ये दूर केली तर काचेच्या तंतूतून दूरवर संदेश पाठविता येतील. एक किलोमीटर अंतरानंतर शंभरातला एक भाग प्रकाश शिल्लक राहिला तरी काम भागेल, अशी त्यांची अट होती. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ती अट पुरी केली. आजच्या उत्तम तंतूत एका किलोमीटरनंतर शंभरातले ९५ भाग शिल्लक राहतात. प्रकाश निम्मा व्हावयास सुमारे १५ किलोमीटर जावे लागते. काओ ह्यांना ह्या कार्यासाठी २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग सगळ्याच तारा काढून तेथे प्रकाशतंतू का घालू नयेत? ह्या प्रश्नाचे उत्तर वाटेत सापडत नाही, ते वेशीवर सापडते. पूर्वी शहरात माल आणावयाचा तर वेशीवरच्या नाक्यावर जकात भरावी लागे. माल दहा कोसांवरून आलेला असो की शंभर, नाक्यावर थांबावेच लागे. प्रकाशाचेही असेच दोन नाके आहेत. एका टोकाला विजेच्या रूपातील बिट प्रकाशात उतरवावे लागतात, दुसऱ्या टोकाला प्रकाशातून पुन्हा विजेत आणावे लागतात. डेटा सेंटरांत सेकंदाला ८०० अब्ज बिट पाठविणारी जी प्रकाशयंत्रे स्विचच्या दर्शनी पट्टीत खुपसतात, त्यांतील प्रत्येक यंत्र साधारण १५ वॅट वीज घेते. हिशेब केला तर एका बिटामागे सुमारे १९ पिकोज्यूल होतात. एका मोठ्या स्विचला अशी ६४ यंत्रे लागतात. म्हणजे केवळ नाक्यावरच ९६० वॅट. विजेची एक शेगडी अहोरात्र पेटती ठेवावी, तसाच हा प्रकार. ही जकात कमी करणे हेच कमी विजेवर चालणाऱ्या प्रकाश-उपकरणांचे सारे प्रयोजन होय.

ह्यासाठी संशोधकांची दृष्टी प्रथम सिलिकॉनकडे वळली. ज्या पदार्थाच्या चिपा जगभरच्या कारखान्यांत घडतात, त्याच पदार्थात प्रकाशाच्या वाटाही कोरता आल्या तर दोन्ही कामे एकाच छपराखाली होतील. सिलिकॉन डोळ्यांना अपारदर्शक दिसतो. परंतु दळणवळणात वापरल्या जाणाऱ्या अवरक्त प्रकाशाला तो काचेसारखा पारदर्शक आहे. त्याचा वक्रीभवनांक साडेतीनच्या जवळपास, तर काचेचा दीडहूनही किंचित कमी. ह्या मोठ्या अंतरामुळे प्रकाश सिलिकॉनच्या सुमारे अर्धा मायक्रोमीटर रुंद वाहिनीत घट्ट कोंडून राहतो आणि काही मायक्रोमीटर त्रिज्येच्या वळणावरही बाहेर सांडत नाही. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी ह्या वाहिनीच्या शंभरपटीहून अधिक भरेल.

तथापि सिलिकॉनमध्ये दोन मोठी उणी आहेत. पहिले उणे हे, की त्याच्या अंतर्रचनेमुळे तो स्वतः जवळजवळ प्रकाश देत नाही. येथे भारतीय विज्ञानाचा एक धागा जुळतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२८ साली कलकत्त्यात शोधलेल्या रामन परिणामाच्या आधारे २००४ व २००५ साली अमेरिकेत सिलिकॉनमधून लेसर-प्रकाश काढून दाखविण्यात आला. परंतु त्या लेसरला चेतविण्यासाठी दुसरा लेसर लागे. जकात टळत नव्हती. म्हणून इंडियम फॉस्फाइडसारख्या प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर सिलिकॉनवर चिकटविण्याची युक्ती २००६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने व इंटेल कंपनीने मिळून सिद्ध केली. आजही प्रकाश बहुधा अशाच उसन्या पदार्थातून येतो.

दुसरे उणे प्रकाशाच्या दाराविषयीचे. लेसर अखंड पेटता ठेवून त्याच्यापुढे जलद उघडझाप करणारे दार बसवावयाचे, म्हणजे उघडे असताना एक आणि मिटलेले असताना शून्य. ह्या दाराला मॉड्युलेटर म्हणतात. अमेरिकेच्या वायुदलाच्या प्रयोगशाळेतील रिचर्ड सोरेफ व त्यांचे सहकारी बेनेट ह्यांनी १९८७ साली दाखवून दिले, की सिलिकॉनमधील विद्युतभार कमीजास्त केला की त्याचा वक्रीभवनांक किंचित बदलतो. हा बदल फार सूक्ष्म. त्यामुळे दार बंद होण्याइतका परिणाम साचावा म्हणून वाहिनी लांब ठेवावी लागते. २००४ साली इंटेलने अशा मॉड्युलेटरची उघडझाप सेकंदाला एक अब्जाच्या पलीकडे नेली, पण त्याची लांबी मिलिमीटरांत मोजावी लागे. एवढे लांब दार हलविण्यास वीजही तितकीच लागते.

ह्यावर उपाय निघाला तो वाहिनीचेच कंकण करण्याचा. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीजवळ पुटपुटलेला शब्द वर्तुळाकार भिंतीच्या आश्रयाने पलीकडे जातो, हे अनेक श्रोत्यांनी अनुभवले असेल. तसाच प्रकाश सिलिकॉनच्या कंकणात फिरतो. ज्या तरंगाची लांबी कंकणाच्या घेरात नेमकी पूर्ण संख्येने बसते, तोच तरंग फेऱ्या घालीत राहतो. झोक्याला योग्य वेळी दिलेल्या लहान धक्क्यांनी जसा मोठा हेलकावा साधतो, तसा ह्या फेऱ्यांमुळे लहान बदलाचा परिणाम मोठा होतो. २००५ साली कॉर्नेल विद्यापीठातील मिशेल लिप्सन ह्यांच्या गटाने केवळ १२ मायक्रोमीटर व्यासाच्या कंकणातून सेकंदाला दीड अब्ज बिट पाठवून दाखविले. २०१४ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी ह्याच तत्त्वावरील एका चकतीचा खर्च बिटामागे सुमारे एक फेम्टोज्यूल, म्हणजे पिकोज्यूलच्या हजाराव्या भागापर्यंत, खाली आणला.

येथेच हिशेब सावधपणे तपासावयास हवा. कंकण उष्णतेच्या बाबतीत अतिशय हळवे असते. तापमान एक अंशाने वाढले तरी त्याचा पसंतीचा तरंग ढळू लागतो. आणि संगणकाच्या चिपवर दहावीस अंशांचा चढउतार ही नित्याची गोष्ट आहे. म्हणून प्रत्येक कंकणाजवळ एक सूक्ष्म तापक बसवून ते एका ठरावीक तापमानावर ठेवावे लागते. समजा, हा तापक केवळ एक मिलिवॅट वीज घेतो आणि कंकण सेकंदाला २५ अब्ज बिट पाठविते. तर तापकाचा खर्चच बिटामागे ४० फेम्टोज्यूल होतो. म्हणजे दार हलविण्यास एक आणि दार उबेत ठेवण्यास चाळीस! बिट एकही जात नसला तरी तापक आणि लेसर जळतच राहतात, हे आणखी वेगळेच.

काही संशोधकांनी म्हणून धातूचा आश्रय घेतला. सोने किंवा चांदी ह्यांच्या पृष्ठभागावर प्रकाश पडला की तेथील इलेक्ट्रॉन त्याच्यासह डोलू लागतात. प्रकाश व इलेक्ट्रॉन ह्यांची ही संयुक्त लाट पृष्ठभागाला बिलगून चालते. तिला पृष्ठीय प्लाझ्मॉन म्हणतात. अशा पृष्ठीय लाटांचे भाकीत रूफस रिची ह्यांनी १९५७ साली केले. वास्तविक धातूची ही करामत कारागिरांच्या हाती नकळत फार पूर्वीच आलेली होती. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये चौथ्या शतकातील एक रोमन पेला आहे; बाहेरून उजेड पडला की तो हिरवा दिसतो आणि आत दिवा ठेवला की लाल. त्याच्या काचेतील सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण हा रंगपालट घडवितात.

प्लाझ्मॉनचा मोठा गुण असा, की एरवी ज्या फटीत प्रकाश मावणार नाही, त्या फटीतही तो शिरतो. सोन्याच्या दोन भिंतींमध्ये मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या काही पट इतकीच फट ठेवावयाची आणि तीत विजेने वक्रीभवनांक बदलणारा सेंद्रिय पदार्थ भरावयाचा. प्रकाशाला कोंडणाऱ्या ह्या भिंतीच विजेची टोके होतात. सगळे इतके जवळ असल्याने परिणाम तीव्र होतो आणि दार फार आखूड केले तरी चालते. स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या ईटीएच संस्थेत यूर्ग लॉयटहोल्ड ह्यांच्या गटाने २०१५ साली अवघ्या १० मायक्रोमीटर लांबीचा असा मॉड्युलेटर सिद्ध केला. आखूड दाराला भरावयास विद्युतभार थोडा, म्हणून वेग अधिक आणि वीज कमी.

परंतु धातू काही फुकट देत नाही. डोलणारे इलेक्ट्रॉन प्रकाशाची ऊर्जा उष्णतेत घालवितात. दहा मायक्रोमीटरच्या त्या चिंचोळ्या बोळातच निम्म्याहून अधिक प्रकाश नाहीसा होतो. तो भरून काढण्यासाठी लेसर अधिक प्रखर ठेवावा लागतो. दाराने वाचविलेली वीज दिव्याने खाल्ली, तर घरमालकाच्या पदरात काय पडले? ह्याच प्रश्नाने २०१८ साली झुरिचच्या गटाला एक चतुर मार्ग सुचविला. त्यांनी धातूचे कंकण अशा रीतीने योजिले, की दार उघडे असताना प्रकाश बहुतांशी धातूला वळसा घालून जावा आणि अडवावयाचा असेल तेव्हाच धातूत शिरावा. त्यामुळे निम्म्याहून अधिक प्रकाश सुखरूप पार झाला. वाट सिलिकॉनची आणि धातूचा स्पर्श केवळ दाराशी, असा हा श्रमविभाग आहे.

पलीकडच्या नाक्यावरही हेच धोरण उपयोगी पडते. तेथे सिलिकॉनवर वाढविलेला जर्मेनियमचा लहानसा तुकडा प्रकाश शोषून वीज देतो. हा तुकडा जितका लहान आणि ट्रान्झिस्टरला जितका निकट, तितका थोडा प्रकाश पुरतो व वीज खाणारे वर्धक गाळता येतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डेव्हिड मिलर ह्यांनी अनेक वर्षे आग्रहाने मांडलेला मुद्दा हाच, की प्रकाश-उपकरण चिपपासून दूर ठेवले तर त्याचा लाभ मधली तारच गिळून टाकते. २०१५ साली अमेरिकेतील तीन विद्यापीठांच्या संशोधकांनी ७ कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर आणि ८५० प्रकाशघटक एकाच चिपवर नांदवून हा मुद्दा कृतीने पटवून दिला. पुढे मार्च २०२५ मध्ये एन्व्हिडिया कंपनीने कंकण-मॉड्युलेटर थेट स्विच-चिपच्या शेजारी बसविलेली यंत्रे जाहीर केली. लेसर मात्र वेगळाच ठेवला. नाका अशा रीतीने घराच्या उंबरठ्याशी येऊ लागला आहे.

ह्या विषयाशी आपल्याकडील लोकांचाही संबंध आहे. भारतातील डेटा सेंटरांची सर्वांत मोठी वस्ती मुंबई व नवी मुंबईच्या परिसरात आहे, आणि मद्रासच्या आयआयटीत सिलिकॉनवरील प्रकाशमंडलांचे संशोधन चालू आहे. म्हणून कमी विजेच्या उपकरणाची जाहिरात कानी पडेल, तेव्हा दोन प्रश्न विचारावयाचे. पहिला हा, की बिटामागचा जो खर्च सांगितला जातो, त्यात लेसर, तापक आणि पलीकडचा ग्राहक हे सर्व धरले आहेत काय? केवळ दाराचा खर्च सांगून घराचा खर्च सांगितल्याचा आव आणणे बरे नव्हे. दुसरा प्रश्न इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स ह्यांनी १८६५ साली कोळशाविषयी विचारला होता. वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळसा वाचला नाही, उलट त्याचा खप वाढला; कारण यंत्रेच अनेक पटींनी वाढली. बिट स्वस्त झाला की बिटांची गर्दीही तशीच वाढेल.

तेव्हा वाचलेली वीज खरोखर वाचवावयाची, की नव्या गर्दीवर उधळावयाची, हा निर्णय कंकण किंवा सोन्याची फट करणार नाही. वेशीवरची जकात कमी करणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे व ते निष्ठेने चालले आहे. वेशीतून किती माल आणावा आणि कशासाठी आणावा, हे मात्र गावानेच ठरवावयाचे असते.