होडीतले घर आणि आमचे माळवद

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला होता 'परदेशातील माझा अनुभव'. २०१९ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे बर्मिंगहॅमला तीन महिने राहून आले, तेव्हा विषय योग्यच होता. परंतु राजवाडे, मोठमोठी दुकाने आणि थंडी यांविषयी आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे. माझ्या मनात घर करून राहिले ते एक घरच, आणि तेही पाण्यावरचे. ते मनात का राहिले हे सांगावयाचे तर मला औसा तालुक्यातील आमच्या सासरच्या माळवदावर यावे लागेल. म्हणून आजचे भाषण अर्धे तिकडचे, अर्धे इकडचे.

बर्मिंगहॅम शहरातून कालवे वाहतात. आपल्याकडे कालवा म्हटला की पाटाचे पाणी आणि शेताची पाळी आठवते. तिकडचे कालवे पाणी देण्यासाठी नव्हेत, माल वाहण्यासाठी खोदलेले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स ब्रिंडली नावाच्या अभियंत्याने त्यांतले पुष्कळसे आखले. जमीन उंचसखल असल्यामुळे मध्ये मध्ये दोन दरवाज्यांचे हौद बांधले. होडी हौदात घ्यायची, दार लावायचे, पाणी भरले की होडी वर येते, सोडले की खाली जाते. म्हणजे पाण्याच्या पायऱ्याच. खर्च वाचावा म्हणून हे हौद अरुंद ठेवले, आणि त्यामुळे होडीची रुंदी कायमची ठरून गेली : सात फूट, तीही जेमतेम. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. आपल्या बोळातले एखादे लांबट घर डोळ्यांपुढे आणा आणि ते पाण्यात सोडा.

रेल्वे आली आणि कालव्यांची मिळकत घटली. मग होडीवाल्यांनी काठावरचे भाड्याचे घर सोडले आणि बायकामुलांना होडीवरच आणले. बाकीच्या होडीत कोळसा भरलेला, आणि मागच्या टोकाला दहा फूट लांब, सात फूट रुंद अशी एक खोली. त्यात चूल, त्यात बिछाना, त्यात बाळंतपण. बाई सुकाणू धरी, हौदाचे दरवाजे ढकली, स्वयंपाक करी. पगार मात्र एकट्या नवऱ्याच्या नावे. मुलांची शाळा कधी एका गावात, कधी दुसऱ्या, आणि बहुधा कोठेच नाही. हे ऐकताना मला आपले कंधार-मुखेडकडचे ऊसतोडीला जाणारे लोक आठवले. तेथेही नवरा-बायको मिळून एकच 'कोयता' मोजतात. मुलीने विचारले, "आई, गप्प का झालीस?" मी म्हटले, "काही नाही. ओळखीचे कोणी भेटल्यासारखे झाले."

कालव्यावरची ती मालवाहतूक आता राहिलेली नाही. हल्ली लोक हौसेने, आणि घरे महाग झाल्यामुळे गरजेनेही, अशा होड्यांत राहतात. मुलीच्या ओळखीचे एक निवृत्त जोडपे असेच एक जुनी लोखंडी होडी घेऊन तिच्यात राहत होते आणि राहता राहताच ती दुरुस्त करीत होते. त्यांनी आम्हांला चहाला बोलावले.

आत गेले आणि दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकले! पण नीटनेटकेपणा असा की पाहत राहावे. जेवणाची फळी उलटली की पलंग होई. पायरी उचलली की खाली बटाटे-कांदे. पाणी टाकीत भरून आणायचे, म्हणून भांडी विसळायलाही मोजून घेत. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आले होते, त्या वेळचे आपले दिवस मला आठवले. त्या बाईंचे पाणी वापरणे लातूरकरणीला शोभेल असे होते. कायमची जागा ज्यांनी घेतलेली नसते त्यांना एका ठिकाणी साधारणपणे चौदा दिवसांहून अधिक राहता येत नाही, पुढे सरकावे लागते.

दुरुस्तीची त्यांची रीत अशी की अर्धी होडी उकलायची आणि अर्धीत राहायचे. पुढचा भाग झाला की सामान पुढे आणि आपण पुढे. दोनतीन वर्षांनी होडी पाण्याबाहेर काढून तळ खरवडतात आणि त्याला डांबर फासतात, कारण लोखंडाला पाणी हळूहळू खात असते. जुन्या होडीच्या तळाची जाडी यंत्राने मोजून घेतात. मुळात सहा मिलिमीटरचा असलेला पत्रा चारच्या खाली गेला की विमा उतरवणारे कुरकुर करू लागतात. अशा वेळी सोपा उपाय म्हणजे झिजलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा जोडून टाकणे. यांच्या होडीला आधीच्या मालकाने तसेच केलेले होते. पण वरून पत्रा चढवला की वजन वाढते. वजन वाढले की होडी पाण्यात खोल बसते, आणि हवेची व पाणी निघण्याची भोके पाण्याच्या रेघेजवळ येतात. शिवाय दोन पत्र्यांमध्ये काय कुजते आहे ते दिसत नाही. तपासनिसाने त्यांना सांगितले होते, "झाकू नका, कापून काढा आणि नवा बसवा." ते गृहस्थ हे मोठ्या उत्साहाने सांगत होते आणि मी मात्र तेथे नव्हतेच. मी आमच्या घराच्या ढेळजेत जाऊन पोचले होते.

आता इकडचे.

माळवद आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे, पण नव्या सुनांसाठी सांगते. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर काटक्यांचा किंवा फळ्यांचा थर आणि त्यावर माती. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. आमचे घर आठ खणांचे. भोवती दगडाची दोन-अडीच हात जाडीची भिंत. उन्हाळ्यात आत असा गारवा की पंख्याची आठवण होऊ नये. आमच्या सासूबाई दर वर्षी मृगाच्या आधी गावठाणातली पांढरी माती आणवीत आणि स्वतः माळवदावर चढून ती पसरून, चोपून घेत. काळी माती भेगाळते आणि गळते, पांढरी गळत नाही. जेथे गळाले तेथे एक पाटी अधिक. "माळवद म्हणजे घराची गोधडी," असे त्या म्हणत. तीस-पस्तीस वर्षे त्यांनी ती गोधडी जाड केली. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंनी केली होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती बोळवून लोक नुकतेच निजलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी मोजणीप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्याहून मोठे भूकंप जगात पुष्कळ झाले आहेत; पण इथे माणसे मेली ती घरांखाली. भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण ती खरे म्हणजे दोन भिंती होत्या : एक आतली, एक बाहेरची, आणि मध्ये नुसती दगडमातीची भर. दोहोंना बांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. हादरा बसताच दोन्ही बाजू उकलल्या. आणि वरून आली ती दीड-दोन फूट माती. पुष्कळ ठिकाणी भिंती कोसळल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच होता, हे मी स्वतः पाहिले आहे. सुताराने केलेले काम टिकले. बायाबापड्यांनी वर्षानुवर्षे मायेने टाकलेली माती अंगावर आली.

हे वाक्य त्या वेळी घरात कोणी उच्चारीत नसे. आमचे गाव पुनर्वसनात नव्हते. घराला भेगा गेल्या होत्या, पण ते उभे होते. लोक इतके भ्याले होते की दगडाची चांगली घरेही पाडून पत्र्याखाली राहू लागले, आणि वैशाखात पत्र्याखाली काय होते ते सांगावयास नको. १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारने मोठे काम काढले. पार पडलेली गावे नवी वसवली, आणि जी घरे उभी होती ती मजबूत करण्यासाठी अनुदान दिले. या दुरुस्तीसाठी गावोगाव बायकांना 'संवाद सहायक' नेमले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांचे काम चालवले, आणि गावातली महिला मंडळे, जी तोवर हळदीकुंकवापुरती होती, ती सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब विचारू लागली. आमच्या जाऊबाई त्यांतल्याच एक. ज्या बाईने कधी सासऱ्यांपुढे तोंड उघडले नव्हते ती भिंतीवर ओळंबा धरून गवंड्याला म्हणे, "दादा, हा दगड आरपार नाही."

सन १९९६ च्या वैशाखात आमचे काम निघाले. पहिली गोष्ट म्हणजे माळवदावरची माती एक वीतभर ठेवून बाकी काढणे. सासूबाई निंबाखाली बसून होत्या. पहिली पाटी खाली आली तशा म्हणाल्या, "कशाला उकरायलीस गं? मीच टाकलेली हाय ती." मला उत्तर सुचेना. एका खणावरून दीडशेच्या वर पाट्या निघाल्या. म्हणजे जवळजवळ तीस पोती ज्वारीचे वजन एकेका खणावर, आणि त्याखाली आमची मुले निजत होती. कापलेल्या कडेला थर दिसत होते, पोळीच्या पदरांसारखे. तिसऱ्या दिवशी सासूबाई आपण होऊन उठल्या, कडेशी आल्या आणि एका पिवळसर थरावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही बघ, बाहत्तरच्या दुष्काळातली." त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही. उलट उरलेल्या मातीखाली प्लॅस्टिकचा कागद घालताना तो चारही कोपऱ्यांना पुरतो की नाही हे त्यांनीच पाहिले.

भिंतीत दोन-तीन हातांच्या अंतराने आरपार भोके पाडली. गवंडी एकेक दगड हलक्या हाताने काढी. घाई केली तर भिंतच बसायची. भोकात वाकवलेली सळई आणि काँक्रीट, म्हणजे आतली व बाहेरची भिंत एकमेकींना शिवल्यासारखी झाली. दारांच्या वर घराभोवती जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा दिला. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके आधार लावले. हे सर्व होत असताना आम्ही घरातच होतो. एक खण उकललेला, चूल दुसऱ्या खणात. तो झाला की चूल पुढे. देखरेखीला आलेल्या एका गृहस्थांनी स्वयंपाकघरातले साणे बुजवावयास सांगितले. जाऊबाईंनी त्यांना चुलीजवळ पाच मिनिटे बसवले. डोळे पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "राहू द्या."

पुढे २००१ साली भूजला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या अशा काही बायका गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. भाषा वेगळी, पण भिंत दाखवता येते.

म्हणून त्या होडीत बसून मी त्या बाईंना विचारले की वरून चढवलेला पत्रा काढताना तुम्हांला भीती वाटली नाही का? त्या म्हणाल्या, पत्र्याची नाही. खाली काय निघेल याची वाटली. मुलगी दुभाषी होती, पण हे मला तिने सांगण्याआधीच कळले. मग मी त्यांना माळवदाचे चित्र काढून दाखवले. त्यांनी माती किती जाड असते विचारले, मी हाताने दाखवले, आणि त्यांनी आपल्या छपराकडे पाहिले.

भगिनींनो, आपल्या नांदेडलाही हे दूरचे नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा १० जुलैला सकाळी हिंगोलीकडे धक्के बसले, तेव्हा आपली भांडी वाजली आणि आपण सगळ्या रस्त्यावर आलो. पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असे त्या वेळी प्रशासनाने सांगितले होते. किती जणींनी काढले, हे मी विचारीत नाही. पण ज्यांची गावाकडे माळवदाची घरे आहेत त्यांनी एक करावे : एक सळई घ्यावी, मातीत फळीपर्यंत खुपसावी आणि मोजावी.

त्या जुलैत मी भाऊजींना फोन करून हेच करावयास सांगितले. सासूबाई आता नाहीत. भाऊजी म्हणाले, "वहिनी, वीतभर ठेवली होती ना आपण? दीड वीत भरली." दर वर्षी मृगाच्या आधी कोणी ना कोणी एक-दोन पाट्या टाकीतच होते. कोण टाकीत होते, हे जाऊबाईंनी हसत कबूल केले. पुढच्या वैशाखात आम्ही दोघी जाऊन ती काढली.